कोयना धरण एकदिवसीय ट्रिप : धरणाला पाच स्टार, टूरवाल्याला दोन

मागच्या पावसाळ्यात सांगलीतून एका टूरवाल्याबरोबर "कोयना दर्शन + ओझर्डे धबधबा" अशी एक दिवसाची ट्रिप केली. टूरवाल्याचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, फक्त माहिती शून्य आणि आत्मविश्वास शंभर. पण ट्रिपपेक्षा धरणाबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण बसमध्ये आम्हाला जे सांगितलं गेलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं आणि ते ऐकून पन्नास माणसं घरी गेली, आता ती पन्नास घरी जाऊन अजून पन्नासांना सांगणार.

आधी बाकीचं उरकतो. बस सकाळी सहाला सुटणार होती, सुटली सात वाजून दहा मिनिटांनी. कराडपर्यंत मस्त, कराडच्या पुढे पाटण रोडला खड्डे, मागच्या सीटवर बसू नका, माझी कंबर दोन दिवस बोलत होती. नाश्त्याला पोहे, गार. जेवण एका हॉटेलात, भाकरी चांगली, आमटी म्हणजे गरम पाणी आणि हळद. पाटणच्या पुढे मात्र सगळं माफ होतं, दोन्ही बाजूला डोंगर, ढग रस्त्यावर उतरलेले, प्रत्येक वळणावर एक छोटा धबधबा ज्याला नावपण नाही.

आता मुद्दा. धरणासमोरच्या बागेत पोचलो तेव्हा सहाही वक्र दरवाजे उघडे होते. जास्त नाही, दोन-अडीच फूट असतील, पण तो आवाज. लांबून आधी वाटतं ट्रक चाललेत, मग लक्षात येतं की आवाज थांबतच नाहीये. पांढरा फेस सांडव्यावरून घसरत खाली येतो, खाली आपटला की धुकं उठतं आणि वाऱ्याबरोबर ते तोंडावर येतं. माझा चष्मा तीन वेळा पुसला. सगळे सेल्फीत बिझी. आणि आमचा गाइड माईकवर म्हणतो, "मंडळी, हे जे पाणी पडतंय ना, याच्यावर अख्ख्या महाराष्ट्राची वीज चालते!" टाळ्या.

मी फोटो काढून मामांना पाठवला. मामा अलोरेच्या कॉलनीत राहायचे, पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर होते, रिटायर होऊन आता चिपळूणला. पाच मिनिटांत रिप्लाय आला, "छान. आमचं पाणी फुकट चाललंय."

मला पहिल्यांदा कळेना. रात्री घरी येऊन फोन लावला तर पाऊण तास क्लासच झाला. म्हणजे काय तर, दरवाज्यातून जे पाणी पडतं त्याने एक बल्बपण लागत नाही. ते सांडव्याचं पाणी, जास्त झालं म्हणून नदीत सोडलेलं. वीज करणारं पाणी आपल्याला दिसतच नाही, ते उलट दिशेला जातं. कोयना नदी महाबळेश्वरला उगवते, दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हे वळण जिथे आहे तिथेच धरण. आणि धरणाच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पलीकडे कोकण, जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली. तर ज्यांनी हे डोकं लावलं त्यांनी नदीच्या वाटेने वीज करायचं सोडून डोंगराला बोगदा पाडला आणि पाणी कोकणात सोडलं. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे, बाहेरून काही दिसत नाही.

मामांनी हिशोब सांगितला तो मला भारी आवडला. घरावरची हजार लिटरची टाकी घे, म्हणे. ती टाकी कोयनेतून पश्चिमेला पोफळीपर्यंत सोडली तर एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज होते. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात साठतं आणि तिथून अलोरेच्या वीजगृहात परत एकदा टर्बाइन फिरवतं, म्हणजे एकाच पाण्यावर दोनदा वीज. आणि तीच टाकी धरणाच्या पायथ्याशी सोडली तर? भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त ते पडणारच नाही, म्हणून वीज कितीतरी पट कमी. दरवाज्यातून सोडली तर शून्य, फक्त फोटो.

आकडे बघा म्हणजे पटेल. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. टप्पा एक आणि दोन मिळून ६००, तिसरा कोळकेवाडीचा ३२०, चौथा १०००. हे सगळं डोंगरापलीकडे. आणि आपण जिथे उभं राहून टाळ्या वाजवतो तिथे, म्हणजे धरणाच्या पायथा वीजगृहात, ४०. बातमीत "पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग" असं जे वाचतो ते हेच.

चौथा टप्पा ही तर वेगळीच गोष्ट. त्याच्यासाठी बोगदा आतून खणत खणत तलावाच्या तळाखाली आणला, शेवटी थोडासा खडक ठेवला, आणि १३ मार्च १९९९ ला तो सुरुंगाने उडवला, तलाव वर भरलेला असताना. त्याला लेक टॅपिंग म्हणतात, आशियातलं पहिलं. परत एकदा २५ एप्रिल २०१२ ला केलं, कारण उन्हाळ्यात पातळी खाली गेली तरी पाणी घेता यावं. मामा म्हणाले त्या दिवशी कॉलनीत दिवाळी होती. गाइडने ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे दुपारी ओझर्डे धबधब्याला जाताना आम्ही नवजावरूनच गेलो. ज्या बाजूने पहिल्या दोन टप्प्यांचं पाणी बोगद्यात शिरतं तो इनटेक टॉवर नवजाकडेच. बस तिथून गेली तेव्हा गाणी चालू होती.

(धबधबा छान आहे, पायऱ्या निसरड्या, चप्पल घालून जाऊ नका, बास.)

पाणीसाठ्याबद्दल गाइडचं वाक्य, "१०५ टीएमसी म्हणजे १०५ कोटी लिटर". नाही हो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २८०० कोटी. एका टीएमसीत! कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं पाचेक टीएमसी तळाचा मृतसाठा, तो मोजायचा पण वापरायचा नाही. पूर्वी क्षमता ९८.७८ होती, मग दरवाज्यांची उंची पाच फुटांनी वाढवली आणि साडेसहा टीएमसी जास्त मावायला लागलं. पाच फुटात साडेसहा टीएमसी, हे ऐकून मला वाटलं मामा फेकतायत. पण शिवसागर जलाशय भरला की ११५ चौरस किलोमीटर पसरतो, मागे थेट तापोळ्यापर्यंत. मग वरच्या एका फुटात सव्वा टीएमसी बसणारच. दरी आहे ती, वर रुंद खाली अरुंद, त्यामुळे वरचा फूट आणि तळातला फूट सारखा नसतो. आम्ही सांगलीकर पेपरात "पाणीपातळी दोन फुटांनी वाढली" वाचतो आणि "बरं मग?" म्हणतो. ते दोन फूट जूनमधले की ऑगस्टमधले ह्याच्यावर सगळं आहे.

क्युसेकचं पण तसंच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. अकरा-साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालू राहिलं की एक टीएमसी. मग एक लाख क्युसेक आवक दिवसभर टिकली तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी एका दिवसात आत येतं. धरण जवळपास भरलेलं असेल आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर तिन्हीकडे धो धो चालू असेल तर दरवाजे उघडण्याशिवाय करणार काय? तिथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यात.

इथे मी थोडा भावनिक होणार आहे, सॉरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरगंपण सांगेल, आणि त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. फ्रिज उलटा होऊन तरंगत होता. तेव्हापासून मी पण बाकीच्यांसारखा कोयनेला शिव्या घालायचो, की आधीच रिकामं का नाही ठेवलं, पाणी आधीच का नाही सोडलं. बसमध्येपण हीच चर्चा, माझ्या पुढच्या सीटवरचे काका म्हणाले "धरण अर्धं रिकामंच ठेवलं पाहिजे पावसाळाभर". मी मान हलवली. आणि मग आठवलं की हेच काका, मीच, आम्ही सगळे एप्रिलमध्ये काय म्हणतो? "कोयनेतून पाणी सोडा, कृष्णा कोरडी पडली." २०२३ ला पाऊस कमी झाला तेव्हा सांगलीत ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी केवढी ओरड झाली होती. अर्धं रिकामं धरण ठेवलं आणि सप्टेंबरात पाऊस दगा देऊन गेला तर ती ओरड कुठे जाणार?

म्हणून आता माझं मत एवढंच की रिकामं ठेवा नाही, तारखेप्रमाणे ठेवा. कुठल्या तारखेला पातळी किती असावी ह्याचं वेळापत्रक धरणाला असतंच. ते पाळलं गेलं का, नाही पाळलं तर का नाही, हे लोकांना रोजच्या रोज साध्या भाषेत कळलं पाहिजे. सध्या कळतं ते व्हॉट्सअॅपवर, कोणीतरी "तातडीचा इशारा" म्हणून तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ फॉरवर्ड करतं तेव्हा.

आणि पश्चिमेला सोडायचं पाणीपण हवं तेवढं नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. वर्ष मोजतात १ जून ते ३१ मे. म्हणजे मामांचं "फुकट चाललंय" हेही पूर्ण खरं नाही, मी त्यांना तसं म्हणालो तर म्हणाले "तू सांगलीचा, तू तसंच म्हणणार". कोटा संपवायची घाई केली तर उन्हाळ्यात संध्याकाळचा लोड सांभाळायला काही उरत नाही. कोयनेची खरी किंमत तिथेच. कोळशाचं युनिट थंड असलं तर चालू व्हायला तासन् तास लागतात, पाण्याचं युनिट मिनिटांत लोड घेतं. संध्याकाळी सात वाजता सगळ्या राज्यात दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात, तेव्हा पोफळीत कोणीतरी पाणी सोडतं. मामा तीस वर्षं तेच करत होते आणि घरी आल्यावर मामी विचारायची, "तुमच्याकडे वीज होते मग कॉलनीतली लाइट का जाते?" ह्याचं उत्तर त्यांच्याकडे अजूनही नाही.

आता सेफ्टी. गाइडचं सगळ्यात भयंकर वाक्य, "या धरणाला भूकंपात तडे गेलेत, ते कधीही जाऊ शकतं, पाणशेतसारखं". बसमध्ये एक आजी होत्या त्यांनी हात जोडले. अरे बाबा, हे बोलताना लाज कशी वाटली नाही.

तडे गेले होते, हे खरं आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. साडेसहाच्या आसपास रिश्टरचा धक्का, कोयनानगर जवळपास जमीनदोस्त, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, झोपेत. डिझाइन करताना जेवढा धक्का धरला होता त्याच्या कितीतरी पट मोठा हा होता. भिंतीला आडव्या चिरा पडल्या, त्यापण बरोबर तिथे जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, म्हणजे भिंतीची मान म्हणा. पण धरण उभं राहिलं. पाणी अडवून उभं राहिलं. नंतर चिरा भरल्या, केबल टाकून भिंत आवळली, १९७३ पर्यंत बाजूच्या भागाला मागून काँक्रीटचा आधार दिला आणि सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण २००६ ला झालं. म्हणजे आज जी भिंत आहे ती ६७ सालच्या भिंतीपेक्षा जाड आहे.

आणि पाणशेतशी तुलनाच चुकीची. पाणशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते मातीचं धरण, कामही पूर्ण झालेलं नव्हतं. २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे फुटलं तेही मातीचं, छोटं. मातीच्या धरणात एकदा पाणी आरपार वाट काढायला लागलं की माती वाहून जाते आणि तासांत खेळ खलास. कोयना रबल काँक्रीटची, १०३ मीटर उंच, ८०० मीटरच्या वर लांब, नुसत्या वजनावर उभी असलेली भिंत. तिच्या पोटात गॅलरी आहे, माणूस चालत जाईल अशी, तिथे गळती मोजतात. मामा एकदा आत गेले होते, म्हणाले बाहेर मे महिना आणि आत स्वेटर लागेल एवढं गार, भिंतीवर पाणी घामासारखं जमलेलं, आणि एका नळीतून टिप टिप पाणी पडतंय ते एक माणूस घड्याळ लावून भांड्यात मोजतोय. मला वाटलं गळती म्हणजे बोंबच, तर म्हणे थोडी गळती असतेच, ती अचानक वाढली किंवा गढूळ झाली तर घाबरायचं.

भूकंप अजूनही होतात, बारके. "कोयना परिसरात सौम्य धक्का, धरण सुरक्षित" ही बातमी आपण लहानपणापासून वाचतोय. मोठा तलाव भरला की खालच्या खडकावर वजन येतं, भेगांत पाणी मुरतं, आणि आधीच ताण असलेल्या ठिकाणी जमीन सरकते, ह्याचं जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण कोयना आहे. तिथे जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय. म्हणजे घाबरायला कारण आहे की नाही, तर लक्ष ठेवायला कारण आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, आणि २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आल्यापासून ते कागदावर तरी सक्तीचं आहे. कागदाबाहेर किती, ते मामा सांगायच्या आधीच मामींनी जेवायला बोलावलं.

मला स्वतःला भिंतीपेक्षा आजूबाजूच्या डोंगरांची जास्त भीती वाटते. जुलै २०२१ ला पाटण तालुक्यातच आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्रीत दरडी घरांवर आल्या. धरणाला काही झालं नाही, माणसं गेली. मिरगावकडे जाणारा फाटा लागला तेव्हा बसमध्ये अंताक्षरी चालू होती, म वरून.

एक गोष्ट गाइडने सांगितली नाही आणि टूरवाल्यांकडून मी ती अपेक्षापण करत नाही. ह्या तलावाखाली गावं आहेत. ज्यांची शेतं गेली त्यातल्या कित्येकांच्या तिसऱ्या पिढीला अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसावं लागतं. जेवणाच्या हॉटेलात वाढणारा माणूस म्हणाला, "आमचं मूळ गाव त्या पाण्यात, आजोबा सांगायचे उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसायचा." मग लगेच "भाकरी देऊ का अजून?" मी घेतली, भूक नव्हती तरी.

तर रेटिंग. धरण पाच पैकी पाच, त्याला कमी द्यायची माझी लायकी नाही. धरणासमोरची बाग चार, स्वच्छ होती, पावसात उभं राहायला आडोसा कमी. टूर दोन, तेही ड्रायव्हरसाठी, धुक्यात गाडी लोण्यासारखी चालवली. टूरवाल्याला मी हे सगळं मेसेज करून कळवलं, "माहिती एकदा तपासून घ्या" म्हणून. उत्तर आलं, "धन्यवाद सर, पुढच्या ट्रिपला दहा टक्के सूट." सूट कशाला, एक छापील पान वाटा बसमध्ये, जमलं तर मी लिहून देतो म्हणालो. त्यावर अंगठा आलाय फक्त.

कोणी जाणार असेल तर थोडं कामाचं. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, वाद घालू नका, गार्डची ड्युटी आहे ती. दरवाजे उघडलेत का हे आदल्या दिवशीच्या पेपरात बघून जा, बंद असतील तर समोरून नुसती करडी भिंत दिसते. मला तरी ती पण आवडेल आता. स्वतःची गाडी असेल तर कोयनानगरला थांबून परत फिरू नका, पुढे कुंभार्ली घाट उतरा, जेवढं खाली उतराल तेवढंच ते पाणीपण उतरतं, फक्त डोंगराच्या आतून. आम्ही दिवाळीनंतर मामांना घेऊन तसंच करणार आहोत. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात माझी उलटी झाली ती सुलटी झालीच नाही, रेनकोट न्या.